चकाकणारी साण

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडातला कापूस घरी येऊ लागतो आणि अकोला, अमरावती, खामगाव, दर्यापूर, धामणगाव या भागांतले जिन घरघरू लागतात. कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग, हवेत उडणारे तंतू आणि सरकीचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. पण जिन सुरू होण्यापूर्वीचे दिवस असतात ते तिथल्या मिस्त्रीचे. त्या दिवसांत रेचे उघडले जातात, त्यांतली पोलादी पाती बाहेर निघतात, आणि झिजलेल्या, खाचा पडलेल्या पात्यांच्या कडा ग्राइंडरवर घासून पुन्हा सरळ केल्या जातात.

हे काम दिसायला सोपे. चाक फिरते आहे, पाते टेकवले, ठिणग्या उडाल्या, झाले! प्रत्यक्षात मात्र एकाच ग्राइंडरवर, एकाच पोलादाचे पाते एकदा झकास घासले जाते आणि दुसऱ्यांदा निळे पडून वाया जाते. मोटर तीच, पोलाद तेच, माणूसही तोच. मग बदलले काय? बदलला तो चाकाचा पृष्ठभाग.

तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तुमच्यापुढे दोन चाके ठेवली आहेत. एकाची कड गुळगुळीत आणि चकचकीत आहे, दुसऱ्याची खरखरीत आणि निस्तेज. धार लावायला यांपैकी कोणते घ्याल? चकचकीत घेतले असेल, तर पुढचे लक्षपूर्वक वाचा.

आधी रेच्यातले पाते करते काय ते पाहू. अमेरिकेतील मॅकार्थी याने १८४० साली ज्या तऱ्हेच्या रेच्याचे पेटंट घेतले, तीच कल्पना आपल्याकडील रोलर जिनमध्ये आजही वापरतात. चामड्याच्या (अलीकडे काही ठिकाणी रबर आणि कापडाच्या) असंख्य चकत्या एका दांड्यावर घट्ट दाबून केलेला रोलर फिरत असतो. त्याला एक स्थिर पाते दाबून बसवलेले असते. कापसाचे तंतू रोलरच्या खरखरीत अंगाला चिकटतात आणि रोलर व पाते यांच्यामधून ओढले जातात. सरकी जाडजूड, ती मागेच अडते आणि दुसरे एक खालीवर हलणारे पाते तिला झोडपून वेगळी करते. म्हणजे सगळी मदार रोलर आणि पाते यांच्या चिकटून बसण्यावर. मीटरभर लांबीच्या पात्याच्या कडेला मध्येच पोकळी राहिली, तर तेवढ्या भागात तंतू नीट धरले जात नाहीत. कडेला खाच असली, तर तिच्यात तंतू अडकून तुटतात. शेतकऱ्याने जपून वेचलेल्या लांब धाग्याच्या कापसाचे असे तुकडे होणे कोणालाच परवडणारे नाही. पाते घासताना चाकाने काय केले याचा हिशेब असा रुईत उतरतो.

आता चाकाकडे वळू. त्याचे जुने मराठी नाव साण. संस्कृतात शाण. आपल्याकडचे शिकलगार कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मळून तिचे चाक करत आणि त्यावर तलवारींना धार देत, तर मणिकार तशाच चाकावर रत्ने घासत. कुरुंद, म्हणजेच कुरुविंद, हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. माणिक आणि नीलम हे त्याचेच देखणे भाऊ. काठिण्याच्या मोहस मापनश्रेणीत हिऱ्याचा क्रमांक १०, कुरुंदाचा ९ आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. आपल्या विदर्भात भंडारा जिल्ह्यात कुरुंद सापडतो. इंग्रजांनी हाच शब्द दक्षिण भारतातून उचलला आणि त्याचे ‘कोरंडम’ केले. गंमत पुढेच आहे. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन नावाच्या संशोधकाने माती आणि कोक यांच्या मिश्रणातून जोराचा विद्युत्प्रवाह सोडला, तेव्हा त्याला निळसर काळे, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांच्या संयोगाने ते बनले असावेत अशा समजुतीने त्याने त्यांना ‘कार्बोरंडम’ म्हटले. ते होते सिलिकॉन कार्बाइड. समजूत चुकली, पण नाव टिकले, आणि त्या नावात आपला कुरुंद आजही लपून बसला आहे. पुढे काही वर्षांतच विजेच्या भट्टीत बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही करता येऊ लागला. आपल्या देशात १९४१ साली मुंबईजवळ उरणच्या मोरा येथे ग्राइंडवेलच्या कारखान्यात अशी चाके तयार होऊ लागली.

बाजारात मिळणारे चाक म्हणजे एकसंध दगड नव्हे, जरी दुकानात सगळे त्याला ‘ग्राइंडरचा दगड’च म्हणत असले तरी. त्यात तीन गोष्टी असतात : कठीण कण, त्यांना धरून ठेवणारा बंधक, आणि मधली पोकळी. बंधक बहुधा मातीचा असतो. कण आणि माती यांचे मिश्रण साच्यात दाबून बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, म्हणजे कुंभाराच्या मडक्याचाच हा प्रकार. मधली पोकळी ही काही बनवणाऱ्याची कुचराई नव्हे. मडक्यातून जसे पाणी झिरपते तसे या चाकातूनही ते आरपार जाते. कणाने खरवडलेला धातूचा कीस क्षणभर ठेवायला जागा लागते, आणि ती जागा ही पोकळी पुरवते.

आपल्या नेहमीच्या ग्राइंडरचे चाक २०० मिलिमीटर व्यासाचे असते आणि ५० हर्ट्झच्या विजेवर ते मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. गणित करून पाहा. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ३० मीटर, म्हणजे ताशी १०७ किलोमीटर भरतो. कडेची रुंदी २५ मिलिमीटर धरा आणि दर चौरस मिलिमीटरला कापण्याच्या उपयोगाचे दोनच कण आहेत असे समजा. तरी पूर्ण रुंदीने टेकवलेल्या पात्यासमोरून एका सेकंदात सुमारे १५ लाख कण जातात. लेथवर एक हत्यार कापते, कानशीत काही शे दात कापतात. येथे लक्षावधी बारीक हत्यारे आहेत, आणि त्यांतले एकही दुसऱ्यासारखे नाही.

त्यामुळे प्रत्येक कणाचे वागणे वेगळे. एखादा कण पुढे आलेला आणि टोकदार असतो, तो धातूत शिरून खरोखरच कीस काढतो. दुसरा थोडा बोथट, तो ओल्या रानातून नांगर गेल्यासारखा धातू दोन्ही बाजूंना सारतो, पण उचलून काढत नाही. तिसरा कण पूर्ण झिजून सपाट झालेला. तो नुसता घासत जातो, आणि धातू न काढता केवळ उष्णता निर्माण करतो. चांगल्या चाकावरही हे तीनही प्रकार एकाच वेळी असतात. प्रश्न असतो तो प्रमाणाचा. म्हणूनच लेथवर एक घन मिलिमीटर पोलाद काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहापट ऊर्जा ग्राइंडरवर खर्च होते. लेथवर बरीचशी उष्णता कीस आपल्याबरोबर घेऊन जातो. ग्राइंडरवर कीस धुळीएवढा असल्याने तो नेणार किती? राहिलेली बहुतेक उष्णता पात्यातच मुरते.

ही उष्णता कशी ओळखायची? पोलाद स्वतःच सांगते. घासलेल्या कडेवर प्रथम फिक्कट पिवळा रंग चढतो, तो सुमारे २२० अंशांना. मग तपकिरी, मग जांभळट, आणि ३०० अंशांच्या सुमारास गडद निळा. हा रंग म्हणजे पोलादावर चढलेल्या ऑक्साइडच्या अत्यंत पातळ थराचा. पावसात रस्त्यावरच्या तेलावर दिसणारे रंग ज्या कारणाने दिसतात, त्याच कारणाने हेही दिसतात. लोहार विळ्याला किंवा कुऱ्हाडीला ‘पाणी देतो’ तेव्हा लाल तापलेले पोलाद एकदम थंड करून कठीण करतो आणि नंतर बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. ग्राइंडरवर कड निळी पडली, की लोहाराने मोजूनमापून दिलेले ते पाणी उतरले असे समजा. धार दिसायला तीच, पण दोन दिवसांत वळणारी. पॉलिश करून निळा रंग घालवता येईल, गेलेले काठिण्य त्याने परत येणार नाही.

लांब पात्याच्या बाबतीत याहूनही फसवी गोष्ट घडते. पाते चाकाखालून जाताना घासला जाणारा पृष्ठभाग तापून प्रसरण पावतो, पण मागची बाजू थंडच असते. त्यामुळे पाते किंचित धनुष्यासारखे वाकते आणि त्याचा मधला भाग चाकाकडे फुगतो. चाक त्या फुगवट्यातून जास्त धातू काढते. घासताना सारे सपाट वाटते. तासाभराने पाते थंड होऊन मूळ आकारावर येते, आणि पट्टी लावून पाहावे तर मध्यभागी पोकळी! चाक सपाट, यंत्र सपाट, तरी पाते खोलगट. उष्णता कमी करणे हाच यावर खरा उपाय, आणि उष्णतेचे मूळ मघाच्या त्या तिसऱ्या, सपाट झालेल्या कणात आहे.

आता चकचकीत चाकाचे रहस्य तुमच्या ध्यानात आले असेल. कण झिजून सपाट झाले, की प्रत्येक सपाट टोक आरशाच्या तुकड्यासारखे प्रकाश परावर्तित करते आणि साण चकाकू लागते. घरातले जाते आठवा. आपल्या काळ्या बेसाल्ट दगडाचे जाते नवे असते तेव्हा पीठ भराभर पडते. काही महिन्यांनी तळी गुळगुळीत होते, पीठ गरम आणि भरड येऊ लागते, आणि मग टाकी लावणाऱ्याला हाक मारावी लागते. अकोल्याच्या डाळ गिरण्यांतही हाच अनुभव. तिथे तुरीचे टरफल एमरीचा थर दिलेल्या रोलरवर खरवडले जाते. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहाचे ऑक्साइड यांचे मिश्रण. रोलर फार तिखट असला तर दाणा फुटून चुरी वाढते, आणि गुळगुळीत झाला तर टरफल सुटत नाही, दाणा नुसता तापतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी केलेल्या लहान डाळ गिरणीतही असा रोलर आहे. डाळ असो की पोलाद, खरवडणाऱ्या पृष्ठभागाचा स्वभाव बदलत नाही.

चाक चकाकू लागले की नवखा माणूस हटकून एकच गोष्ट करतो. कापत नाही म्हणून अधिक जोराने दाबतो. त्याने कण अधिक घासतात, उष्णता अधिक वाढते आणि कड निळी पडते.

चांगले चाक मात्र स्वतःची काळजी स्वतः घेते. कण बोथट झाला की त्यावरचा दाब वाढतो. दाब पुरेसा वाढला की एकतर कण फुटून त्याला नवी टोके येतात, किंवा बंधक तुटून तो कण गळून पडतो आणि खालचा ताजा कण वर येतो. पण हे घडायला बंधकाची पकड बेताची हवी. येथे ‘कठीण चाक’ आणि ‘मऊ चाक’ हे शब्द येतात आणि बरेच विद्यार्थी फसतात. कण दोन्हींत तितकेच कठीण असतात. ज्याचा बंधक कणाला घट्ट धरतो ते कठीण चाक, आणि जो लवकर सोडतो ते मऊ. पाणी दिलेले कठीण पोलाद कणांना लवकर बोथट करते, म्हणून त्याला लवकर कण सोडणारे मऊ चाक लागते. साध्या मऊ लोखंडावर कण फारसे झिजत नाहीत, तेथे कठीण चाक चालते. कठीण धातूला मऊ चाक, मऊ धातूला कठीण! परीक्षेत हे उलटे लिहिणारे फार.

चाकावर चिकटवलेला कागदी बिल्ला कधी वाचला आहे का? त्यावर ‘ए ६० के ५ व्ही’ असे काहीतरी असते. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. ‘सी’ असेल तर सिलिकॉन कार्बाइडचे. ६० हा कणांचा क्रमांक, इंचाला ६० छिद्रे असलेल्या चाळणीवरून आलेला. हे कण सुमारे पाव मिलिमीटरचे असतात, आणि आकडा वाढेल तसे कण बारीक होत जातात. ‘के’ ही बंधकाची पकड. ‘ए’ सर्वांत मऊ, ‘झेड’ सर्वांत कठीण. ५ हा पोकळीचा आकडा, आणि ‘व्ही’ म्हणजे भाजलेल्या मातीचा बंधक. लाखेच्या बंधकाला ‘ई’ हे अक्षर आहे. शिकलगारांची लाख आजही या यादीत आहे हे पाहून मला मौज वाटते.

सिलिकॉन कार्बाइड कुरुंदापेक्षा कठीण, मग पोलादाला तेच का वापरू नये? कारण घासताना कणाच्या टोकाशी फार मोठे तापमान निर्माण होते आणि त्या तापमानाला तप्त लोखंड सिलिकॉन कार्बाइडशी रासायनिक क्रिया करून त्याला खाऊ लागते. हिऱ्याचीही तीच गत, कारण हिरा म्हणजे कार्बन आणि तापलेल्या लोखंडाला कार्बनची मोठी ओढ. म्हणून पोलादाला ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि बीड, तांबे, ॲल्युमिनियम यांना सिलिकॉन कार्बाइड अशी वाटणी झाली आहे.

चाकाला आणखी एक रोग जडतो. मऊ, चिकट धातू घासला तर त्याचा कीस पोकळीत जाऊन घट्ट बसतो आणि चाकावर धातूचे चमकणारे ठिपके दिसू लागतात. कणांची टोके शाबूत असूनही ती धातूखाली बुजतात. पोलादासाठी लावलेल्या चाकावर कोणी ॲल्युमिनियमची पट्टी घासली, की हे हमखास होते. अशा चाकावर पुन्हा जोर दिला तर बुजलेला धातू तापून फुगतो. दगडाच्या भेगेत वाढणारे पिंपळाचे मूळ आठवा. चाक फुटायला एवढे निमित्त पुरते, आणि फुटलेला तुकडा ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो.

दोन्ही रोगांवर उपाय एकच : चाकाला टाकी लावणे. साध्या ग्राइंडरवर त्यासाठी दातेरी चकत्यांचे हातहत्यार वापरतात. ते फिरत्या चाकावर टेकवले की बोथट कण आणि अडकलेला धातू झडून जातो. अचूक कामाच्या यंत्रावर एकच हिरा बसवलेली दांडी चाकावरून आडवी नेतात आणि एका वेळी मिलिमीटरचे दोनतीन शतांश काढतात. येथे कारागिराच्या हातातली खरी खुबी दिसते. हिरा भरभर नेला तर चाकाच्या अंगावर मोकळा, तिखट पृष्ठभाग तयार होतो. तो धातू पटापट काढतो, थंड कापतो, पण कामावर ओरखडे ठेवतो. तोच हिरा सावकाश नेला तर कणांची टोके एका पातळीत येतात. काम सुरेख, गुळगुळीत होते, पण उष्णता वाढते. म्हणजे चाक न बदलता, केवळ हिऱ्याच्या चालीने एकच चाक जाडे किंवा बारीक असल्यासारखे वागवता येते. जाणकार आधी भरभर हिरा फिरवून बराचसा धातू काढतो, आणि शेवटच्या दोनचार हलक्या घासण्यांपूर्वी हिरा सावकाश फिरवतो.

शाळेच्या किंवा आय.टी.आय.च्या कर्मशाळेत ग्राइंडरजवळ जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाठच कराव्यात. नवे मातीच्या बंधकाचे चाक बसवण्यापूर्वी बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलके ठोका. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ते बसवू नका. नवे चाक सुरू करून एक मिनिट बाजूला उभे राहा, समोर नव्हे. टेकू आणि चाक यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर काम तिच्यात ओढले जाते. सरळ चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर घासू नका. बिल्ल्यावर छापलेल्या वेगाहून अधिक वेग कधीही देऊ नका. जुनी मोटर आणि हाताशी असलेली पुली जोडून ग्राइंडर करणारे ही चूक करतात. वेग दीडपट झाला तर चाकाला फाडू पाहणारा ताण सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि चष्मा. डोळ्यात गेलेला कीस गरम असतो, अणकुचीदारही. पात्याला पाण्यात बुडवायचे ते कड तापण्याआधी, वरचेवर. निळी पडल्यावर बुडवले तर उपयोग शून्य, उलट बारीक तडे जाण्याची भीती.

एके काळी इंग्लंडातील शेफील्ड गावी चाकू-सुऱ्यांना धार लावणारे कामगार वालुकाश्माच्या मोठमोठ्या चाकांवर काम करत आणि त्या दगडाच्या धुळीतील सिलिकेने त्यांची फुप्फुसे निकामी होत. कित्येक जण ऐन तारुण्यात मरत. कृत्रिम चाकात वाळूचा दगड नसल्याने तो धोका पुष्कळ कमी झाला, तरी धूळ ती धूळच. तोंडावर फडके किंवा मास्क हवाच.

आता एक प्रयोग, घरी करण्यासारखा. पॉलिश पेपरचे दोन सारखे तुकडे घ्या. एकावर लोखंडी खिळा आणि दुसऱ्यावर टाकाऊ ॲल्युमिनियमची पट्टी दोनदोनशे वेळा घासा. मग दोन्ही तुकडे भिंगाखाली पाहा. खिळ्याच्या तुकड्यावर कणांची टोके मोडलेली, चपटी झालेली दिसतील. दुसऱ्यावर कणांमधली दरी चंदेरी धातूने भरलेली दिसेल. चाकाचे दोन्ही रोग तुमच्या तळहातावर! दुसरा तुकडा तारेच्या ब्रशने झाडून पुन्हा घासा, तो बराचसा कापू लागेल. पहिला मात्र झाडून सुधारणार नाही.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. ग्राइंडर बंद असताना त्याखालची धूळ कागदावर घ्या. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवा, म्हणजे पोलादाचे कण वेगळे निघतील आणि पिशवी उलटली की सुटेही होतील. ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. काही कण लेथच्या किसासारखे, पण केसाहून बारीक आणि गुंडाळलेले दिसतील. चाकाच्या टोकदार कणांनी कापलेला कीस तो हाच. त्यांच्यात अधूनमधून चक्क गोल, काळसर गोळ्या दिसतील. तापलेला कीस हवेत उडताना ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो, वितळतो आणि पावसाच्या थेंबासारखा गोल होऊन थिजतो. गारगोटीवर पोलाद आपटून पाडलेल्या ठिणग्यांत अशाच गोळ्या रॉबर्ट हूक याने पाहिल्या आणि १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांचे वर्णन केले.

जमल्यास धुळीचे दोन नमुने घ्या, एक चाकाला टाकी लावण्यापूर्वीचा आणि एक नंतरचा. दोन्ही वेळा त्याच पोलादाचा तुकडा, तेवढ्याच दाबाने, तेवढाच वेळ घासा. मग प्रत्येक नमुन्यातले शंभर कण मोजून त्यांत कापलेले कीस किती आणि गोळ्या किती ते वहीत मांडा. त्या तुकड्यांच्या कडांचे रंगही शेजारी लिहून ठेवा.